अर्धी गोळी

मी काल काय खाल्लं हे माझ्या पोटच्या मुलाला माहीत नसतं, पण तहसीन अत्तारला माहीत असतं. ही आमच्या गावची फार्मासिस्ट. वय एकतीस, अंगावर पांढरा कोट, आणि जिभेला विसावा नाही. दर गुरुवारी मी तिच्या दुकानाची पायरी चढले, की ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघते आणि म्हणते, "आक्का, मंगळवारी साडेचारला काय झालं?"

मंगळवारी साडेचारला काय होणार? आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. ट्रे भरणाऱ्या बायकांपैकी एकीला नातू झाला, तिनं पेढे आणले.

"एक पेढा खाल्ला," मी म्हणाले.

"आलेख तर तीन म्हणतोय."

"मग त्या आलेखालाच विचार की! मला कशाला उभी केलीस?"

मागे रांगेत पाच-सहा बायका होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. माझ्या नर्सरीत माझ्या एका हाकेला चाळीस बायका उठतात. त्यातल्याच दोघी त्या रांगेत होत्या. गेली चार वर्षं माझी ही शोभा दर गुरुवारी होते.

आता हे सगळं कसं चालतं ते सांगते. मी चौथी शिकलेली आहे, पण तहसीननं मला तीनदा समजावलंय, आणि तिसऱ्या वेळी तिची एक चूक मीच काढली. म्हणजे मला कळलंय.

दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवतात. गावात त्याला नुसतं दाणा म्हणतात. आपल्या मांसातल्या पेशींच्या मधे पाणी असतं, त्या पाण्यातली साखर हा दाणा दर पाच मिनिटांनी मोजतो. रक्तात साखर वाढली की दहा-पंधरा मिनिटांत ती या पाण्यातही उतरते, त्यामुळे दाण्याला सगळं कळतं, फक्त जरा उशिरा. त्याला बॅटरी लागत नाही, अंगाच्या उष्णतेवर चालतो. मोजलेलं सगळं फोनमध्ये जातं आणि फोनमधून तहसीनच्या पडद्यावर.

आणि तिच्या दुकानात एक छपाईचं मशीन आहे. त्यात तीन नळकांड्या, तीन औषधांच्या. पहिलं औषध लिव्हरला सांगतं, उगाच साखर सोडू नकोस. दुसरं स्वादुपिंडाला ढोसतं, इन्सुलिन बाहेर काढ. तिसरं जास्तीची साखर लघवीवाटे घालवतं. मशीन या तिन्हींचे थर एकावर एक लावून गोळी छापतं. आठवड्याच्या सात गोळ्या, प्रत्येकीवर वार छापलेला. माझी सोमवारची गोळी माझ्याच गुरुवारच्या गोळीसारखी नसते, कारण गुरुवारी मी बाजारभर चालते. तालुक्याचा डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा तपासतो आणि ठरवून देतो, की कुठलं औषध कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. त्या दोन आकड्यांच्या मधे काय करायचं ते फार्मासिस्टनं ठरवायचं.

पूर्वी हे नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी डॉक्टर दोन मिनिटं नाडी धरायचा, तीन महिन्यांची चिठ्ठी लिहायचा, आणि औषधवाला फळीवरून पट्ट्या काढून पुढ्यात टाकायचा. कुणी काही विचारायचं नाही. ह्यांच्या तळव्याला खिळा लागला तो आठ दिवस ह्यांनाच कळला नाही, आणि पुढे पाय गेला. ते आठवतं म्हणून मी तहसीनचं ऐकून घेते. ती चप्पल काढायला लावते, नायलॉनचा दोरा तळव्याला टोचून टोचून विचारते, "लागलं? आता लागलं?" सगळ्या दुकानासमोर. मी म्हणते लागलं, आणि मनात म्हणते, तळव्याला कमी आणि काळजाला जास्त.

एवढं मी सोसत होते. पण दाण्यानं गावात एक वेगळंच खूळ आणलं. दंडावर बारीक उंचवटा दिसतो ना? ब्लाउजच्या बाहीतूनही ओळखू येतो. मग लग्न जमवताना लोक विचारायला लागले, घरात दाणे किती? पूर्वी शेत किती, दागिने किती विचारायचे, आता दाणे. एखाद्या घरात तीन दाणे म्हणजे पुढच्या पिढीत पण येणार, असा हिशोब. तहसीन सांगून सांगून थकली, की कमी खा, चाला, वजन राखा, मग आई-बापाला असलं म्हणून पोरांना व्हायलाच पाहिजे असं नाही. पण लग्नाच्या बैठकीत तहसीनला कोण बोलावतंय?

माझ्या घरात आहे माझी धाकटी जाऊ राजमती. दीर गेल्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून तिची आणि तिच्या मुलीची जबाबदारी माझी. राजमती काटकुळी आणि अबोल. मी म्हटलं ऊठ, की उठते. मुलगी ऋजुता कोल्हापूरला नोकरी करते. तिच्यासाठी नदीपलीकडच्या चौगुल्यांच्या मुलाचं स्थळ चालून आलं. मुलाची आई जयमाला चौगुले, स्वतः गाडी चालवते, बोलायला रोखठोक. फोनवर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आक्का, घरात दाणे किती?"

"एक," मी म्हणाले. "माझा."

त्या दिवशी ते खरं होतं.

महिन्याभरात राजमतीला तहान तहान व्हायला लागली. घागरीतलं पाणी दुपारपर्यंत संपायचं. ह्यांचं जुनं, बोट टोचून साखर बघायचं मशीन कपाटात होतं. मी दार लावून तिचं बोट टोचलं. उपाशीपोटी दोनशे चाळीस.

"आक्का, तहसीनकडं जाऊ या का?" राजमतीनं विचारलं.

"आणि दंडात दाणा घालून मांडवात बसणार? लग्न होऊ दे, मग जाऊ."

"मग तवर?"

दाणा नसेल तर साखरेची गोळी कुठल्याच दुकानात मिळत नाही, तसा नियमच आहे. मी सुपारीचा अडकित्ता काढला. माझी बुधवारची गोळी मधोमध कातरली, अर्धी मी घेतली, अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. यात मी काही जगावेगळं केलं नाही. आमच्यात बायकांचं औषध असंच चालत आलंय. गुडघ्याची गोळी शेजारणीला, ॲसिडिटीची नणंदेला, आणि एकीला गुण आला की तीच पट्टी गल्लीभर.

आठ महिने मी रोज अडकित्ता चालवला.

अर्ध्या गोळीवर माझी साखर वर गेली. ती जाणारच. दाण्यानं ते मोजलं, पडद्यावर दाखवलं, आणि मशीननं तहसीनला सांगितलं, औषध कमी पडतंय, वाढव. तहसीननं थोडं वाढवलं. मग आणखी थोडं. मशीनला काय ठाऊक, की पुडीतली अर्धी गोळी दुसऱ्याच तोंडात जातेय? असं करत करत गोळी दुप्पट जोराची झाली. तेव्हा माझ्या अर्ध्यात माझं पूर्वीचं पूर्ण औषध यायला लागलं आणि माझे आकडे जागेवर आले. राजमतीलाही बरं वाटत होतं. मी मनात म्हटलं, बघा, एवढं मोठं मशीन, पण त्रिशला मगदूमनं गुंडाळलं.

तहसीन मात्र गुंडाळली जात नव्हती. दर महिन्याला तिचं सुरू.

"आक्का, गोळी पूर्ण खाता ना?"

"न्हाई, कोंबडीला घालते."

"चेष्टा नको. तुमचं वजन वाढलं नाही, खाणं तेच आहे, किडनीचा रिपोर्ट चांगला आहे. मग औषध दुप्पट का लागावं? मला हे पटत नाही."

"तुला न पटायला काय झालं? आकडा बरा आलाय नव्हं?"

"आकडा बरा आलाय, तेच पटत नाही. एकदा घरी येऊन बघू का? गोळ्या कुठं ठेवता, कशा घेता?"

"माझ्या स्वयंपाकघरात मी ह्यांच्या आईला येऊ दिलं नव्हतं," मी म्हणाले. "तू कोण लागून गेलीस?"

रांगेतल्या बायका हसल्या. तहसीन हसली नाही. तिनं गोळ्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा चालते. कोणी उपवास करतं, कोणी एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. आणि एरवीही आमच्यात सूर्य मावळल्यावर खाणं नाही. कडक पाळणारे पाणीसुद्धा पीत नाहीत. राजमती कडक पाळणारी.

पर्वाच्या आदल्या गुरुवारी तहसीननं विचारलं, "आक्का, एकाशन करणार का? तसं असेल तर मधली नळकांडी जवळजवळ बंद करून छापते. रोज्यांत मी आमच्या चाळीस माणसांच्या गोळ्या तशाच बदलते. पोट रिकामं असताना स्वादुपिंडाला ढोसलं तर साखर खाली कोसळते."

"मी दोन वेळा जेवणार," मी म्हणाले. खरंच होतं ते.

"बरं. मग आहे तीच छापते."

त्या वेळी तोंड उघडलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. राजमती दहा दिवस एकाशन करणार हे मला माहीत होतं. पण तिचा आणि त्या मशीनचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात एकच दाणा, घरात एकालाच साखर, असं गावाला सांगून सांगून मलाही ते पटलं होतं.

पर्वाचा सातवा दिवस. बस्तीतली पूजा आटोपून जयमाला चौगुले सहा वाजता आमच्या घरी आली. उन्हं असेतो जेवण उरकायचं म्हणून मी लगेच पानं घेतली. राजमतीचं जेवण सकाळी अकरालाच झालेलं. ती वाढत होती.

"राजमतीवैनी फार शांत हो," जयमाला म्हणाली. "पोरगी पण आईवरच गेली असेल."

राजमतीनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "मी शांत न्हवं," ती म्हणाली. "मला बोलू देत न्हाईत."

मी हसून वेळ मारून नेली. "चेष्टा करती."

"चेष्टा न्हवं. ह्या घरात दोनच आवाज. एक मिक्सरचा, एक आक्कांचा." तिनं जयमालाकडं मान वळवली. "मिक्सर तरी मधे बंद हुतो."

बारा वर्षांत या बाईनं मला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं ते नेमकं विहिणीपुढं. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत स्वयंपाकघरात नेलं. मनगट ओलंचिंब होतं. मला वाटलं, भांडी धुतली असतील.

"अक्कल गहाण टाकलीस काय? पोरीचं लग्न मोडायचंय का तुला?"

ती हसायला लागली. हसता हसता तिचे ओठ थरथरत होते. "आक्का, तुम्ही जरा गप बसा बघू. लई डोकं दुखाय लागलंय तुमच्या आवाजानं."

मग मी जे सुरू झाले ते दहा मिनिटं थांबले नाही. बारा वर्षांचं सगळं काढलं. कुणी पोसलं, कुणी शिकवलं, कुणाच्या नावावर स्थळ आलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिनं तांब्या उचलला आणि पेल्यात ओतायला गेली, पण पाणी पेल्याच्या बाहेर फरशीवर पडत होतं आणि ती ओततच होती.

"आई आली का?" तिनं मला विचारलं.

तिची आई जाऊन वीस वर्षं झाली.

तेव्हा मला एक चित्र आठवलं. गोळ्यांच्या पुडीमागे तहसीननं चित्रं छापलेली असतात, मला वाचायला नको म्हणून. घाम गाळणारी बाई, थरथरणारा हात, वाकडंतिकडं बोलणारं तोंड. खाली लिहिलेलं, साखर घसरली. चार वर्षं दर आठवड्याला मी ते चित्र बघितलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर घामानं भिजलेली बाई उभी असताना मी तिला संस्कार शिकवत होते.

राजमती भिंतीला धरून घसरली. मी ओरडले. जयमाला धावत आली. मी डब्यातला गूळ काढून तिच्या तोंडाशी नेला. तिनं दात गच्च आवळले, मान फिरवली. बाहेर दिवे लागले होते.

"मावळलं," ती पुटपुटली. "नको."

"अगं, जीव जाईल तुझा!"

"नको."

फोन माझ्या कमरेला होता. समोर जयमाला राजमतीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मी बाहेर जाऊन बोलू शकले असते. त्याला चार पावलं लागली असती. पण तेवढाही वेळ आता माझा नव्हता, तो राजमतीचा होता. मी तिथंच फोन लावला.

"तहसीन, मी आठ महिने माझी अर्धी गोळी राजमतीला देत होते. ती एकाशन करतीया. आता पडलीय."

मला वाटलं आता ही मला धुऊन काढणार. पण तिनं प्रश्न विचारले, एकामागून एक, आणि एकही वायफळ नाही.

"शुद्ध आहे? बोलते का?"

"अर्धवट."

"आजची गोळी किती वाजता घेतली?"

"सकाळी. जेवणाआधी."

"गिळता येतं?"

"दात उघडत न्हाई. सूर्य मावळलाय म्हणती."

"मग पाणी ओतू नका, ठसकेल. एका कुशीवर झोपवा. दात उघडले तरच गूळ गालाला आतून चोळा. मधाचं म्हणणार होते, पण तुमच्यात मध चालत नाही. मी निघाले."

तिची स्कूटर दारात यायला सहा मिनिटं लागली असतील. पांढरा कोट उलटा घातलेला. चप्पल तशीच, थेट स्वयंपाकघरात. माझ्या त्या स्वयंपाकघरात. तिनं राजमतीचं बोट टोचलं. अडतीस. मग खिशातून बोटभर लांबीची एक प्लास्टिकची नळी काढली.

राजमतीनं हात वर करून तोंड झाकलं.

"वैनी, तोंडातून काही देत नाही," तहसीन तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "हे नाकात मारायचं आहे. खाणं नाही, पिणं नाही. तुमचा नेम मोडत नाही. मारू?"

राजमतीनं डोळे उघडले. किती कळलं देव जाणे, पण हात खाली आला. तहसीननं नळी नाकपुडीत धरून दांडा दाबला. आत पावडर होती. ती लिव्हरला सांगते, तुझ्याजवळ साठवलेली साखर असेल नसेल ती सगळी बाहेर काढ.

"पण ही सात दिवस एकाच जेवणावर आहे," तहसीन मला म्हणाली. "हिच्या लिव्हरमध्ये साठाच थोडा. औषध निम्मंशिम्मं चालेल. आणि तुमची गोळी अजून पोटात आहे, ती उद्यापर्यंत ढोसत राहणार. दवाखान्यात न्यायला पाहिजे. सलाईनमधून साखर देतील."

"माझी गाडी आहे," जयमाला म्हणाली.

गाडीत मागे मी, मधे राजमती, पलीकडे तहसीन. दर दहा मिनिटांनी बोट टोचणं चालू. एकाहत्तर झाली तेव्हा राजमतीनं पाणी मागितलं आणि लगेच आठवून नको म्हणाली. पुन्हा चौपन्नवर आली. तहसीननं गाडी जोरात घ्यायला सांगितलं आणि मग माझ्याकडं वळली. आता तिचा बांध फुटला.

"आक्का, मी तुम्हाला सहा वेळा विचारलं."

"विचारलंस."

"सहा वेळा! मशीन म्हणायचं वाढव, आणि माझं मन म्हणायचं काहीतरी गडबड आहे. मी मशीनचं ऐकलं, कारण तुम्ही माझ्या तोंडावर सांगत होता पूर्ण खाते म्हणून. ती गोळी तुमच्या वजनाला, तुमच्या जेवणाला, तुमच्या चालण्याला मापून छापलेली असते. ती यांच्या पोटात गेली म्हणजे डोळे बांधून सुरी फिरवली. यांना दाणा का नाही बसवला?"

पुढे जयमालाची नजर आरशातून माझ्यावर होती.

"माझ्यामुळं," जयमालाच म्हणाली. "मी विचारलं होतं, घरात दाणे किती."

"विचारलं तुम्ही," मी म्हणाले. "खोटं मी सांगितलं."

दवाखान्यात राजमती दोन दिवस सलाईनवर होती. सुईतून जाणारी साखर तिनं चालवून घेतली, कारण ती तोंडातून जात नव्हती. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं. त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं मी भांडण्यात घालवली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. स्वतःला मात्र रोज सांगते.

ऋजुता कोल्हापूरहून आली. आईचा हात धरून बसली, आणि मला एवढंच म्हणाली, "मोठी आई, माझ्या लग्नासाठी माझी आईच संपवत होतीस होय?" मी तिला वाढवलंय. एरवी मी असलं बोलणं ऐकून घेतलं नसतं.

जयमाला निघताना म्हणाली, "आक्का, दाण्याचं मला काही नाही. पण तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. मी विचार करून कळवते." आज तीन महिने झाले, बाई अजून विचारच करतेय. ऋजुता म्हणते, तिलाही विचार करायचाय. सगळेच विचार करतायत. पूर्वी या घरात विचार एकटी मी करायची.

पर्व संपल्यावर आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं सगळ्यांनी सगळ्यांना म्हणायचं. मी दर वर्षी दीडशे लोकांना म्हणते. हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं, पुढच्या दारात जायचं. पंधरा मिनिटांत गल्ली उरकते.

यंदा क्षमावणी गुरुवारी आली. राजमतीला आदल्या दिवशीच घरी आणलेलं. सकाळी मी तिला घेऊन तहसीनच्या दुकानात गेले, दाणा बसवायला. गुरुवार, त्यामुळं रांग दारापर्यंत. आम्हाला बघून रांगेनं वाट करून दिली. गावाला सगळं कळलेलं होतंच.

तहसीननं राजमतीला खुर्चीवर बसवलं, दंड पुसला. दाणा बसायच्या आधी तिला पन्नास प्रश्न विचारले. किती जेवते, केव्हा झोपते, कुठले कुठले नेम पाळते. राजमतीनं पन्नासही उत्तरं दिली, लांबलचक. त्या संध्याकाळपासून हिच्या तोंडाला खळ नाही.

मला ते बघवेना. मी तहसीनला बाजूला घेऊन विचारलं, "हिची साखर बरी हाय ना आता?"

"एकशे अठरा. उत्तम आहे."

"मग अजून अशी का बोलती?"

"आक्का," तहसीन म्हणाली, "ते साखरेमुळं नाही."

आज क्षमावणी, तेव्हा ते उरकून टाकावं म्हणून मी राजमतीपुढं हात जोडले. "उत्तम क्षमा. काही चुकलं असलं तर क्षमा कर."

"कशाबद्दल?" राजमतीनं विचारलं.

"म्हणजे? असं कुणी विचारतं होय?"

"मी विचारती. काय चुकलं, ते नाव घेऊन सांगा."

माझ्या नर्सरीतल्या आठजणी होत्या तिथं. मी तहसीनकडं बघितलं, म्हटलं ही तरी सोडवेल. ती कापसाचा बोळा हातात धरून थांबली होती. दाण्याची सुई तशीच.

"घरी बोलू," मी म्हणाले.

"हितंच सांगा. गोळी हितलीच हुती."

असा संताप आला! पण संतापून करणार काय? तिचा दंड समोर उघडा होता, सलाईनच्या सुईनं मनगट काळंनिळं झालेलं.

"अर्धी गोळी दिली," मी म्हणाले. "तुला डॉक्टर दाखवायचा सोडून अडकित्ता दाखवला."

"आणि?"

"तहसीननं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. सहा वेळा."

"आणि?"

"आणि तू घामानं भिजली होतीस, तेव्हा मी तुझ्यावर ओरडत बसले. आता पुरं झालं का राजमती? का आणखी काढायचंय?"

"पुरं," राजमती म्हणाली. "क्षमा केली." आणि दंड तहसीनपुढं केला. "टोच गं."

तहसीननं दाणा बसवला. चिकटपट्टी लावली. मग मी तिच्यापुढंही हात जोडले, पण तिनं ते मधेच धरले.

"मला क्षमा नको, आक्का. मला एक सांगा." तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "तुमच्यासारखं औषध वाढत गेलेली आणखी अकरा नावं आहेत. मी त्या सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, पूर्ण खातो. मला कोण खरं सांगणार?"

मी पडद्यावरची नावं वाचली नाहीत. वाचायची गरज नव्हती. मागे वळून रांगेकडं बघितलं. तिसऱ्या नंबरवरची पायताण बघत होती. सातवी एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागली. दारातली म्हातारी मालनबाई, माझ्याच नर्सरीतली, पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "आमच्यात एक तिघी खातो, आक्का."

"तिघी?" तहसीनच्या हातातला पेन पडला.

"सून, मी, आणि इहीण आली म्हंजे इहीण."

मी डोक्याला हात लावला. मग खुर्ची ओढली, दाराच्या मधोमध टाकली आणि बसले, म्हणजे एकीलाही सटकता येऊ नये.

"वही काढ गं तहसीन," मी म्हणाले. "मालन, तू पुढं हो. कुठली गोळी, किती तुकडे, आणि कापतीस कशानं, सगळं सांगायचं. बाकीच्यांनी ऐका. पुढचा नंबर तुमचाच हाय."